चरणजित सिंग यांचे दहा राग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी काही वर्षे शास्त्रीय गायन शिकले आहे. नुकतीच चरणजित सिंग यांची १९८२ची सिंथेसायझरवरील रागांची ध्वनिमुद्रिका ऐकली. प्रथम दचकले, मग पुन्हा ऐकली. या सदरात आपण त्यांचा उल्लेख मोठ्या आपुलकीने केला होता, म्हणून विचारते. या दहा रचनांपैकी आपल्या सर्वांत आवडत्या कोणत्या आणि का? केवळ ‘यंत्रावर राग वाजवला’ या नवलापलीकडे त्यांत काही आहे का?
एक वाचक, मिरज

उत्तर: नवलापलीकडे पुष्कळ काही आहे. मात्र ते सांगण्यापूर्वी, ज्यांनी ही मुद्रिका ऐकलेली नाही अशा वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार, बेस गिटार आणि कळपट्टीची विद्युत्वाद्ये वाजवली. समोर ठेवलेले स्वरलेखन वाचायचे, संगीतकाराला हवे ते नेमके द्यायचे आणि पुढच्या ध्वनिमुद्रणाला जायचे, अशी ही नोकरीसारखी शिस्तीची वादनकला. त्या काळी चित्रपटसंगीतात डिस्कोची लाट होती. त्याच ठेक्यावर चित्रपटगीतांऐवजी राग वाजवावेत आणि तबला पूर्णपणे बाजूला ठेवावा, अशी कल्पना आपल्याला सुचली, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. त्यातून एच.एम.व्ही.ने काढलेली ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली तयार झाली. ती फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. २००२ साली नेदरलँड्समधील संग्राहक एडो बाऊमन यांच्या हाती तिची प्रत लागली. २०१० मध्ये त्यांनी बॉम्बे कनेक्शन या आपल्या संस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केल्यावर जगभरच्या श्रोत्यांनी तिच्यासाठी कान टवकारले. हा प्रकार इतका अनपेक्षित होता की, कोणा आधुनिक पाश्चात्त्य कलावंतानेच जुन्या मुद्रिकेचा बनाव रचला असावा, अशी शंकाही काहींनी बोलून दाखवली होती.

वाद्ये तीन, आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे ठेका देणारे यंत्र, टीबी-३०३ हे खर्जातील बेसची ओळ वाजवणारे छोटे रुपेरी यंत्र आणि ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर काढू शकणारा मोठा सिंथेसायझर. रागाची मुख्य सुरावट ज्युपिटरवर हाताने वाजते आणि खालचे दोन थर यंत्रे सांभाळतात.

आता आवडीविषयी. माझ्या आवडीच्या चार रचना क्रमाने सांगायच्या तर कलावती, मालकंस, ललत आणि बैरागी. भूपाळी मी त्यांच्या अगदी मागोमाग ठेवतो. या निवडीमागे निश्चित कारण आहे आणि ते कळले की ही मुद्रिका कशी ऐकावी, हेही आपोआप कळते.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. त्यात सोळा घरांची ओळ भरायची. प्रत्येक घराला एक स्वर द्यायचा, हवा असल्यास त्यावर आघात द्यायचा, आणि हवे असल्यास तो स्वर पुढच्या स्वरात घसरत जाईल अशी खूण करायची. मग ती ओळ यंत्र थकवा न येता फिरवत राहते. वादकाला चालू वादनात काय करता येते, तर चार-पाच बटणे फिरवून नादाचा रंग बदलता येतो. आवाज बंद खोलीतून आल्यासारखा दबका करता येतो, किंवा हळूहळू उघडत नेऊन धारदार, किंचित चिरका करता येतो. ही फिरती ओळ ऐकून आपल्यासारख्या श्रोत्याला प्रथम खटकते ती पुनरावृत्ती. परंतु जरा थांबून विचार करा. आपल्या मैफलीत अखंड पुनरावृत्ती करणारे वाद्य नसते का? तानपुरा तर तासन् तास तेच चार स्वर छेडत असतो, आणि त्याच्याविना राग उभाच राहत नाही.

याचे एक उदाहरण आपण स्वतः पेटीवर करून पाहू शकाल. भूपाळीचे सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर घ्या आणि त्यातील गंधाराला (ग) षड्ज (सा) मानून तेच स्वर वाजवा. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी असा मालकंस निघेल. एकही पट्टी बदललेली नसते. बदललेला असतो तो फक्त षड्ज. म्हणजे भूपाळी ऐकतो आहोत की मालकंस, हे ठरवणारी गोष्ट ही वरची सुरावट नसून खाली कायम असलेला आधार आहे. या मुद्रिकेवर तानपुरा नाही. त्याचे काम ३०३ची फिरती खर्ज ओळ करते. ती सरळ एका स्वरावर उभी राहत नाही, चालत राहते, परंतु दर फेरीला षड्ज आपल्या कानात पुन्हा रोवून जाते. चित्रपटाच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे बेस गिटार वाजवलेल्या माणसालाच हे सुचू शकते, असे मला मनापासून वाटते. खालची ओळ भक्कम असेल तर वरची सुरावट किती मोकळी सोडता येते, हे बेसवादकाइतके कोणाला ठाऊक असते?

कलावती माझा सर्वांत आवडता, कारण या राग-यंत्र जुळणीचा सर्वांत मोठा लाभ त्याला मिळाला आहे. रिषभ (रे) आणि मध्यम (म) वर्ज्य, म्हणजे रागात न येणारे, उरलेले सा, ग, प, ध आणि कोमल नी. स्वरांमधली अंतरे मोठी, चढ-उतार प्रशस्त. मुळात हा राग चपळ आहे. त्याला संथ आंदोलनांची फार गरज नसते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारताना तो खुलतो. ८०८चा समान अंतराने पडणारा ठोका, त्याखाली ३०३ची पळती ओळ आणि वर ज्युपिटरवरची ‘ग प ध नी’ची झेप हे तिन्ही येथे एकाच दिशेने धावतात. गायनातली द्रुत बंदिश ऐकताना जो उत्साह येतो, त्याच जातीचा हा उत्साह आहे.

मालकंसाचा मामला वेगळा. मध्यरात्रीचा, गंभीर, मध्यमावर विसावणारा हा राग नाचाच्या ठेक्यावर घ्यावा की नाही, असा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, येथे ठेका रागाला पळवत नाही. ठेका आपल्या गतीने चालतो आणि सुरावट त्याच्यावर आपला वेळ घेऊन उतरते. ३०३ची दबकी, खालच्या पट्टीतली गुरगुर मालकंसाच्या गांभीर्याला शोभून दिसते. एखाद्या वेगळ्या यंत्रावर ही गोष्ट साधली नसती.

ललत पंचस्वरी नाही, तरी तो माझ्या यादीत आहे, आणि याचे श्रेय ज्युपिटरच्या पट्ट्यांना द्यावे लागते. ललताची ओळखच मुळी दोन मध्यम एकापाठोपाठ येण्यात आहे. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम एकमेकांना चिकटून घेतले जातात, पंचम (प) वर्ज्य असतो. पट्टीवाद्यावर या दोन मध्यमांच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि त्या स्पष्ट, वेगवेगळ्या वाजतात. गळ्यातून येताना या जागेला जी संधिप्रकाशाची अस्पष्टता असते ती येथे नाही. त्याऐवजी मध्यम ते मध्यम हे पाऊल अगदी ठळक होते, आणि विजेच्या वाद्याच्या नादामुळे ते अधिकच विलक्षण भासते. पहाटेचा ललत ज्यांनी मैफलीत ऐकला आहे त्यांना हा निराळा वाटेल, पण ललतच वाटेल. माझ्या मते ही त्या वादकाची खरी परीक्षा होती आणि तो तीत उत्तम उतरला आहे.

बैरागीविषयी थोडक्यात सांगतो. सा, कोमल रे, म, प, कोमल नी, गंधार-धैवत (ग-ध) नाहीत. पं. रविशंकर यांच्यामुळे रुळलेला हा राग ऐकायला सोपा नसतो, पण कोमल रिषभाचा षड्जावर पडणारा भार आणि खालच्या ओळीचा न थांबणारा फेरा यांचा मिलाफ होतो तेव्हा त्यातली विरक्ती यंत्रातूनही पोहोचते.

तोडी मला तितकी भावत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. कोमल रिषभ, कोमल गंधार आणि कोमल धैवत असूनही तोडी केवळ या स्वरांनी होत नाही. तिचा गंधार अतिकोमल लागतो, तो डोलतो, आणि त्या डोलण्यातच तिचे सारे कारुण्य असते. ज्युपिटर-८वर स्वर वाकवण्याचा दांडा आहे, तरी एकेका श्रुतीची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतराची, ती नाजूक जागा सरकत्या ठेक्यावर सापडणे कठीण आहे. मेघ मल्हार आणि यमन ऐकताना आनंद होतो, मधुवंतीही गोड आहे, परंतु त्यांच्यासाठी मी मैफलीकडेच वळेन.

प्रश्न: मी पेटीवादक आहे. सिंथेसायझरवर श्रुती नाहीत, मींड (एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणे) नाही. मग त्यावर वाजवलेल्या सुरावटीला राग म्हणणे कितपत योग्य?
एक वाचक, कुडाळ

उत्तर: आपण स्वतः पेटीवादक असल्यामुळे हा आक्षेप आपल्याला चांगलाच परिचित असणार. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली ती नेमक्या याच कारणास्तव आणि ती बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. त्या काळातही कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीतून राग मांडून दाखवले होते. तेव्हा पट्टीवाद्यावर राग शक्य आहे की नाही, हा वाद निदान महाराष्ट्रात तरी बराच जुना आहे, आणि आपल्या पूर्वसूरींनी त्याचे उत्तर वादनातून दिलेले आहे. कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणता स्वर ओलांडून जायचे, कोणत्या स्वरसंगती पुन्हा पुन्हा घ्यायच्या, यांतून राग दिसतो. भूपाळी आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच आहेत, तरीही गंधारावर वजन दिले की भूपाळी आणि धैवतावर दिले की देसकार. हे वजन पट्टीवाद्यावरही देता येते, आणि या मुद्रिकेतली भूपाळी ऐकताना ती देसकार वाटत नाही.

मींडेच्या बाबतीत मात्र एक महत्त्वाचा तपशील आहे. टीबी-३०३मध्ये स्वर घसरवण्याची सोय आहे, आणि रागसंगीताला ती जवळची वाटल्यामुळेच हे यंत्र सिंग यांच्या कामास आले, असे म्हणायला वाव आहे. परंतु ती घसरण आपल्या मींडेसारखी लवचीक नसते. दोन स्वरांमधले अंतर लहान असो वा मोठे, यंत्राला एका स्वरातून दुसऱ्यात जाण्यास लागणारा वेळ ठरलेला असतो आणि तो अत्यल्प असतो. वादकाला तो कमी-जास्त करता येत नाही. सतारीवर किंवा गळ्यातून मींड घेताना वाटेतला प्रत्येक कण आपण चाखतो, तसे येथे शक्य नाही. तेव्हा ३०३ची घसरण ही मींडेपेक्षा कणस्वराच्या (मुख्य स्वराआधी ओझरत्या लागणाऱ्या स्वराच्या) किंवा चटकन घेतलेल्या घसीटीच्या जवळची आहे. म्हणूनच ती खर्जातल्या ओळीत शोभते. पेटीवर जेथे आपल्याला स्वर तुटल्याची खंत वाटते, तेथे ही ओळ स्वरांना एकमेकांशी बांधून ठेवते, हे आपल्यासारख्या वादकाच्या कानाला नक्कीच जाणवेल.

आणखी एक गोष्ट पेटीवादकाने विशेष ऐकण्यासारखी आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जोडणारी मिडी ही सामायिक पद्धत १९८३मध्ये आली. त्याआधीच्या या मुद्रणात ठेक्याचे यंत्र आणि बेसचे यंत्र रोलँडच्याच तारेने जोडून एका गतीने चालवले जात. यंत्रे चुकत नाहीत, थांबतही नाहीत. आपल्याला तबलजीची सवय असते. तो आपल्याकडे पाहतो, आपला श्वास ओळखतो, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी थोडे सावरून घेतो. येथे सर्व सावरणे एका हाताला करावे लागते. न बदलणाऱ्या लयीवर बोलताना सुरावट कुठेही ताठर होऊ द्यायची नाही, यात वर्षानुवर्षांच्या ध्वनिमुद्रणांची तयारी दिसते.

प्रश्न: शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाऊस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकाराचे जनक चरणजित सिंग, असे सगळीकडे वाचतो. हे खरे आहे का?
एक वाचक, पुणे

उत्तर: माझ्या मते ‘जनक’ हा मान त्यांना देणे योग्य नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही.

शिकागोतील फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ साली निघाली आणि अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात सामान्यपणे तिच्यापासून मानतात. तोवर टीबी-३०३चे उत्पादन थांबून तीन वर्षे झाली होती. बाजारात अपयशी ठरल्यामुळे हे यंत्र जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळत होते, आणि म्हणूनच ते हातात पैसा नसलेल्या तरुणांपर्यंत पोहोचले. त्यांनी त्याची बटणे ज्या टोकापर्यंत फिरवली, तशी फिरवण्याची कल्पना बनवणाऱ्यांनीही केली नसेल. त्यांनी मुंबईची ही मुद्रिका ऐकली होती, असे दर्शवणारा काहीही पुरावा नाही. भारतातही न खपलेली मुद्रिका तेथे पोहोचण्याची शक्यता कमीच.

दोन्ही ठिकाणी समान होते ते यंत्र आणि त्या यंत्राच्या अंगभूत सवयी, म्हणजे फिरत राहणारी ओळ, घसरणारे स्वर आणि उघडत-मिटत जाणारा नाद. पाच वर्षांच्या अंतराने, एकमेकांपासून हजारो मैल दूर, त्याच सवयींमधून दोन वेगळी संगीते निपजली. त्यातील साम्य ऐकून आश्चर्य वाटते हे खरे, परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो फरक. शिकागोच्या संगीतात सुरावट जवळजवळ नाहीच, नादाचा बदल हीच घटना असते. सिंग यांच्या संगीतात मात्र ३०३ पाया रचते आणि सारे बोलणे वरचा राग करतो. त्यांना अ‍ॅसिड हाऊसचा जनक म्हटले की आपण त्यांचे संगीत दुसऱ्या कुणाच्या तरी आधीचा टप्पा म्हणून ऐकू लागतो. मग राग मागे पडतो आणि ऐकण्यात केवळ यंत्र उरते. चित्रपटगीतांच्या इतर मुद्रिकांपेक्षा हे आपले स्वतःचे, सर्वांत चांगले काम आहे, अशी त्यांची स्वतःची भावना होती. त्या भावनेचा मान राखून आपणही ती रागांची मुद्रिका म्हणून ऐकावी, असे मला वाटते.

पुनर्प्रकाशनानंतर उतारवयात युरोपातील श्रोत्यांसमोर हेच संगीत वाजवण्याची संधी त्यांना मिळाली, ही समाधानाची गोष्ट. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रश्न: ऐकायला सुरुवात कोणत्या रचनेपासून करावी? मोबाइलवर ऐकले तर चालेल का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: पहिलीच रचना यंत्रातून निघालेल्या ‘ओम नमः शिवाय’ने सुरू होते आणि अनेक जण तेथेच थबकतात. म्हणून नव्या श्रोत्याने कलावतीपासून आरंभ करावा, मग भूपाळी आणि मालकंस लागोपाठ ऐकावेत. वर मिरजेच्या वाचकांना सांगितलेला षड्जाचा भेद तेव्हा कानाला लगेच कळेल. त्यानंतर ललत. संपूर्ण मुद्रिका एका बैठकीत ऐकण्याचा आग्रह धरू नये, कारण दहाही रचनांचा ठेका एकाच धर्तीचा असल्यामुळे कान शिणतात आणि शेवटच्या रागांवर अन्याय होतो. एका वेळी तीन-चार पुरेत.

मोबाइलच्या स्वतःच्या छोट्या कर्ण्यातून मात्र ऐकू नका. ८०८चा खालचा ठोका आणि ३०३ची खर्जातली ओळ त्यातून जवळजवळ ऐकूच येत नाही, केवळ वरची सुरावट आणि झांजेसारखा आवाज तेवढा येतो. आधारच ऐकू न आल्यामुळे राग अधांतरी वाटतो. बऱ्यापैकी हेडफोन किंवा घरातला जुना स्टिरिओ असेल तर तो वापरावा. आवाज फार मोठा ठेवण्याची गरज नाही, खर्ज स्पष्ट ऐकू आला म्हणजे झाले.